सूर्याची चूल, सरपणाचा प्रश्न

फ्युजनची बातमी आली की आपल्या फीडवर दोनच आकडे फिरतात : तापमान किती आणि प्लाझ्मा किती सेकंद टिकला. फेब्रुवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्रात तो १,३३७ सेकंद टिकला, तेव्हाही हेच झालं. पण चूल पेटवणं वेगळं आणि दिवसभर पेटती ठेवणं वेगळं. त्यासाठी सरपण घालत राहावं लागतं. फ्युजनची खरी गोची इथेच आहे.

कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला असतो. त्यात नुसता गॅस सोडला, तर तो कडेलाच तापून प्लाझ्मा बनतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला तिथेच अडवतं. गाभ्यापर्यंत फारच थोडा पोचतो.

मग उपाय काय? एक, गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या वेगाने आत मारायच्या. मे २०२५मध्ये जर्मनीच्या ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ने ४३ सेकंदांत अशा सुमारे ९० गोळ्या झाडल्या आणि दीर्घकाळ चालणाऱ्या प्लाझ्माचा नवा विक्रम केला. पण यंत्र जितकं मोठं आणि तापलेलं, तितकी गोळी गाभ्याआधीच विरून जाते.

दुसरा उपाय भन्नाट आहे : प्लाझ्मातच प्लाझ्मा फेकायचा! स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेलं प्लाझ्माचं कडं सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने आत घुसवतात. कॅनडातल्या वारेन इथल्या टोकामाकवर १९९०च्या दशकात हे करून दाखवलं गेलं. अडचण एवढीच की एका कड्यात इंधन अगदी थोडं मावतं. त्यामुळे मोठ्या अणुभट्टीत ती एकामागून एक सतत मारावी लागतील.

एवढा आटापिटा कशाला? कारण ट्रिटियम. हे इंधन निसर्गात जवळपास नाहीच आणि साठवलं तरी साडेबारा वर्षांच्या आत निम्मं होतं. आत घातलेल्यातलंही थोडंच जळतं. उरलेलं बाहेर काढून, शुद्ध करून पुन्हा वापरावं लागतं. इंधन जितकं खोलवर पोचेल, तितका हा फेरा कमी आणि साठाही कमी लागेल.

भारत भागीदार असलेल्या ‘आयटर’मध्ये ट्रिटियमचे प्रयोग २०३९मध्ये सुरू करायचं नियोजन आहे. तेव्हा आपण पस्तिशीत असू. तोवर विक्रमांच्या बातम्या येतच राहतील. त्या वाचताना एक प्रश्न जरूर विचारूया : सेकंद ठीक आहेत, पण सरपण गाभ्यापर्यंत पोचलं का?