शेपटीला बांधलेलं घर

ऑस्ट्रेलियात गेलेला एक तरी मित्र तुम्हाला असणारच. आणि त्याच्या फोटोंमध्ये तो एक फोटोही असणारच. लालभडक माती, निळंशार आकाश, एक दांडगी फोर बाय फोर आणि तिच्या मागे उघडलेला तंबू. तंबूसमोर फोल्डिंगची खुर्ची, खुर्चीत आपला हिरो. तुम्ही तिकडे सिग्नलला अडकलेले. जळफळाट होतो ना? व्हायलाच हवा! अ‍ॅडलेडला आल्यापासून मीही त्या फोटोवाल्यांत सामील झालोय, म्हणून फोटोत न दिसणारं थोडं सांगतो.

गाडीमागच्या त्या शेपटीचं नाव कॅम्पर ट्रेलर. बंद असताना दोन चाकांवरची पेटी. उघडली की तंबू, गादी, ओटा, गॅस, पाण्याची टाकी. कॅरॅव्हॅनपेक्षा बुटका आणि हलका, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर बरा. इथल्या लोकांचं त्यावर गाडीपेक्षा जास्त प्रेम.

पण बॉस, सगळा खेळ वजनाचा आहे. आपली हातगाडी आठवा. मागे जास्त माल भरला की दांड्या वर उचलल्या जातात. इथेही तेच. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, हा फंडा. तो फार कमी पडला की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो आणि शेवटी कुत्रं कोण आणि शेपूट कोण हेच कळेनासं होतं. कायदाही वजनावरच चालतो. ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना. रिव्हर्स घेताना तर स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उपाय सोपा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्या. बायकोच्या सूचना ऐकायच्या की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं!

आमचा लाडका रस्ता म्हणजे उडनाडाटा ट्रॅक. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला पावणेसातशे किलोमीटरवर मरी नावाचं गाव आहे. (नाव मराठी कानाला अशुभ वाटतं, गाव झकास आहे.) तिथून मार्लापर्यंत ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. शेजारून १९८० साली बंद पडलेल्या जुन्या ‘घान’ रेल्वेचे अवशेष सोबत करतात. या वाळवंटात माल वाहिला तो उंटवाल्यांनी. इथले लोक त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे, पण त्यातले कितीतरी तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून, बलुचिस्तान-सिंध-पंजाबकडून आलेले. म्हणजे मागे सामान बांधून या मुलखात फिरणारे आपण काही पहिले देशी नव्हे.

रस्ता म्हणजे पत्र्याच्या छपरावर गाडी चालवल्यासारखा. दातांपासून डब्यांपर्यंत सगळं वाजतं. यावर औषध एकच, टायरमधली हवा कमी करा आणि वेगही. हायवेला ३६-३८ पीएसआय असेल तर इथे २६-२८. ट्रेलरच्या टायरांचीही, ते विसरू नका. पुन्हा भरायला कॉम्प्रेसर जवळ हवा. स्टेपनी गाडीची वेगळी, ट्रेलरची वेगळी. संध्याकाळी कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम टाकायचा, जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याच्या हौदात डुंबायचं आणि चहा टाकायचा. सगळा शीण खलास!

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी. माणशी दिवसाला १० लिटर धरा. चार जण, पाच दिवस, म्हणजे २०० लिटर. म्हणजेच २०० किलो. एवढं वजन कुठे जाणार? अर्थातच ट्रेलरमध्ये. जेवण तिथे, गादी तिथे, सावलीही तिथेच. मुक्कामाला पोचलं की आपण ट्रेलर सोडतो आणि हलकी झालेली गाडी घेऊन ‘जरा तळं बघून येतो’ म्हणत निघतो. इथेच खरी मेख आहे. घर मागे राहिलं, म्हणजे पाणीही मागे राहिलं.

याच ट्रॅकवर विल्यम क्रीक नावाची डझनभर माणसांची वस्ती आहे. तिथून एक फाटा लेक एअर या अवाढव्य खाऱ्या तळ्याच्या काठाला जातो. १९९८ च्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी त्या काठावर रुतली. फोन लागत नाही, कोणी येत नाही. वाट बघून शेवटी दोघं साठेक किलोमीटरवरच्या वस्तीकडे पायी निघाली. तो थकून माघारी गाडीपाशी आला. ती चालत राहिली. तो वाचला, ती गेली. आणि जिथे गाडी रुतली होती, तिथे प्यायला पाणी होतं.

म्हणून माझे नियम दोन. पहिला, ट्रेलर कितीही भरलेला असो, गाडीत स्वतःचं पाणी, यूएचएफ रेडिओ आणि सॅटेलाइट फोन किंवा मदतीचा सिग्नल पाठवणारा बीकन हवाच. तासाभराची चक्कर असली तरी. दुसरा, गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. शोधणाऱ्याला वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

बाकी किरकोळ. मे ते ऑगस्टमध्ये जा. पाऊस पडला तर रस्ता बंद होतो, निघायच्या आधी चौकशी करा. पेट्रोल-डिझेल साधारण दोनशे किलोमीटरवर मिळतं, पण ट्रेलर ओढताना गाडी जास्त पिते, तेव्हा दिसेल तिथे टाकी फुल्ल. भाड्याने घेणार असाल तर करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, ते नीट वाचा. आणि परतायची तारीख घरी कोणाला तरी सांगून निघा.

मग खुशाल खुर्ची टाका, फोटो काढा. फक्त तो पाठवायला रेंज लागते आणि ती काही दिवस मिळणार नाही. बॉसचा फोनही येणार नाही. सांगा, यापेक्षा मोठी लक्झरी कोणती?