हाडांवर जात लिहिलेली नसते



परवा वाकडला एका घरी आम्ही चहाला बसलो होतो. वडील चाकणला कंपनीत कामाला. मुलगी बी.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "मला पुढं माणसाच्या हाडांचा अभ्यास करायचाय. सापडलेल्या सांगाड्यावरून माणूस कोण ते शोधायचं."

आजी ताडकन म्हणाली, "मेलेली ढोरं ओढायचं काम बाबासाहेबांनी सोडायला लावलं. आता शिकूनसवरून पुन्हा हाडंच उचलायची का?"

आजीचा सवाल आम्हाला खोटा वाटला नाही. आपल्या वाडवडिलांनी ते भोगले आहे. पण ते काम जन्माने गळ्यात मारलेले होते, नाही म्हणायची सोय नव्हती. हे काम आपण निवडायचे, पदवी घेऊन करायचे. यात तज्ज्ञाचा शब्द न्यायालय ऐकते.

आधी पाहतात, हाड माणसाचे की जनावराचे. कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष ते ठरते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. दात आणि हाडांची टोके किती जुळली आहेत, यावरून वय समजते. दातातून डीएनए मिळाला तर तो आईशी, मुलांशी ताडून पाहतात.

याचे मोल कष्टकऱ्याला कळावे. आपल्या या पट्ट्यात गावोगावची माणसे पोटासाठी येतात. एखादा बेपत्ता झाला, तर बायकोला ना रडता येते, ना सावरता येते. सात वर्षे खबर नसेल तर कायदा त्याला मयत धरतो. तोवर फंड-विम्याचे कागद अडतात. सांगाड्याची ओळख पटली, तर त्या माउलीला निदान उत्तर मिळते.

हे ऐकून आजीने विचारले, "मग हाडावरून जात कळती का गं?"

"नाही आजी."

खरेच आहे. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनला शिकत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी मोठी, असे त्यांचे प्राध्यापक मानत. बाईंनी कवट्या मोजल्या. तसे काही आढळले नाही, आणि त्यांनी ते निर्भीडपणे लिहिले. बाबासाहेबांनीही १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत.

शिकायची सोय दूर नाही. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, वाकडहून औंधमार्गे गेले की झाले. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकवतात, इनामगावच्या उत्खननातले सांगाडे तिथल्याच संशोधकांनी अभ्यासले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. प्रवेशाच्या अटी आणि शिष्यवृत्तीची तारीख आधी विचारून घ्या, जातीचा दाखला तयार ठेवा.

निघताना आजी नातीला म्हणाली, "जा, शीक. पण हाडाला हात लावताना लक्षात ठेव, ते कुणाचं तरी लेकरू होतं."

अभ्यासक्रमाचा पहिला धडा आजीनेच दिला, असे आम्हाला वाटते.

जयभीम!