विहिरीतले हिशेबाबाहेरचे खत

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक भूजल गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील एका यादीची महाराष्ट्रात जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. भूजलात नायट्रेटचे प्रदूषण सर्वाधिक आढळलेल्या देशातील पंधरा जिल्ह्यांची ती यादी. तीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव असे सात जिल्हे एकट्या महाराष्ट्राचे होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा आहे. देशभरात तपासलेल्या पंधरा हजारांहून अधिक नमुन्यांपैकी सुमारे वीस टक्के नमुने या मर्यादेबाहेर गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या पुढे होते.

या आकड्यांकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु नायट्रेट हे माणसाला अपायकारक असले तरी पिकाचे ते अन्न आहे. पिकाची मुळे नत्र घेतात ते मुख्यतः याच रूपात. तेव्हा या आकड्यांचा आणखीही एक अर्थ निघतो. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेल्या खताचा काही भाग त्याच्याच विहिरीत जाऊन बसला आहे. आणि ते पाणी उपसून पिकाला देताना त्यासोबत पुन्हा पूर्ण मात्रेचे खत दिले जात आहे. विहिरीचे पाणी म्हणजे निव्वळ पाणी, हे गृहीत धरून आपल्या खतांच्या शिफारशी चालतात. ते गृहीतच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

हिशेब अवघड नाही. रब्बीच्या पिकाला हंगामात ४० सेंटिमीटर पाणी दिले, तर एका एकराला सुमारे सोळा लाख लिटर पाणी लागते. त्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे पिण्यास जेमतेम चालेल इतकेच नायट्रेट असेल, तर त्यातून सोळा किलोंच्या आसपास नत्र शेतात येते. पस्तीस किलो युरियातून मिळते तेवढे हे नत्र आहे. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र द्यावे अशी शिफारस आहे. त्याचा एक तृतीयांश वाटा विहीरच देते. नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट असेल तर दोन तृतीयांश. कागदावरचा हा हिशेब शेतात तंतोतंत उतरणार नाही, कारण दिलेल्या पाण्यातील काही पाणी मुळांच्या खाली निघून जाते. परंतु पोत्यातून टाकलेल्या नत्राचीही गत तीच होते, आणि शिफारस करताना त्याचा पूर्ण जमाखर्च मांडला जातोच. विहिरीतल्या नत्राला मात्र जमेच्या बाजूस रकानाच नाही.

हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत मातीच्या बारा घटकांची नोंद होते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांपासून जस्त, बोरॉनपर्यंत सर्व काही तीत येते. ज्या पाण्यावर ती माती वर्षाचे आठ महिने अवलंबून असते, त्या पाण्याबद्दल पत्रिकेत एक ओळही नाही. जिरायत शेताची आणि विहीर बागायताची पत्रिका एकाच नमुन्याची.

ज्यांना पाण्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही, अशांनी हा धडा केव्हाच गिरविला आहे. हरितगृहात मातीऐवजी नारळाच्या भुशात भाजीपाला किंवा फुले घेणारा उत्पादक पाण्याची प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्याशिवाय एकही रोप लावीत नाही. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट किती आहे ते पाहून तेवढे तो खतांच्या मिश्रणातून वजा करतो. चुका पोटात घालणारी माती त्याच्यापाशी नाही, म्हणून त्याला हे करावेच लागते. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना क्षारांनी ही शिस्त लावली. पाणी आणि जमीन खारावू लागल्यावर वेली डॉगरिजच्या खुंटावर कलम करून लावण्याची पद्धत रूढ झाली. वेलीला खत किती पोहोचले हे पानाच्या देठाच्या तपासणीवरून ठरविण्याची सवयही मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींमुळे बागायतदारांना लागली.

ठिबकने तर पाण्याचे अंतरंग उघडच करून दाखविले. दख्खनच्या काळ्या पाषाणातून पाझरलेले पाणी बहुधा जड असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट त्यात विरघळलेले असतात. अशा पाण्यात स्फुरदयुक्त खत सोडले, की कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन पांढरा साका बसतो आणि ठिबकची तोंडे बुजतात. शेतकरी मग आम्ल सोडून नळ्या धुतो आणि दोष नळ्यांना देतो. वस्तुतः नळीत अडकलेला तो साका म्हणजे त्याचेच महागडे विद्राव्य खत असते. पाण्याचा तपासणी अहवाल हाती असता, तर कोणते खत कोणत्या पाण्यात कधी सोडावे हे आधीच कळले असते. ठिबकसाठी सरकार अनुदान देते. मात्र त्या ठिबकमधून काय वाहणार आहे याची चौकशी कोणी करीत नाही.

याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पंचेचाळीस किलोंचे युरियाचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. विहिरीतल्या नत्राचा हिशेब ठेवून त्याने पस्तीस किलो युरिया वाचविला तरी त्याचे वाचतात दोनशे रुपये. तेवढ्यासाठी तालुक्याच्या प्रयोगशाळेत हेलपाटे घालून पीक कमी येण्याची जोखीम का पत्करावी? त्याचे गणित बरोबरच आहे. चुकीची आहे ती त्याच्यापुढे ठेवलेली किंमत. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तीतून युरिया वगळला गेला. इतर खतांचे भाव चढले, युरियाचा जागीच राहिला. २०१५ पासून सर्व युरियाला निंबोळीचे आवरण देण्यात आले आणि २०१८ मध्ये पोते पन्नास किलोंचे पंचेचाळीस झाले. हे उपाय वाईट नव्हेत. परंतु मूळ किंमतीला हात घालण्याचे धैर्य कोणत्याही पक्षाच्या सरकारला झाले नाही. त्यात २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. खत स्वस्त, उपसा फुकट, वीज पुष्कळदा रात्रीची. अशा स्थितीत पंप सुरू करून झोपी जाणाऱ्या माणसाला दोष कसा देणार? जादा पाणी नत्राला मुळांच्या खाली ढकलते आणि ते पुन्हा विहिरीत उतरते.

या नायट्रेटचे सारे पाप युरियाच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. गावठाणातील शोषखड्डे, शौचालयांचे खड्डे, गोठे आणि उकिरडे यांतूनही ते भूजलात झिरपते. गावालगतच्या विहिरीत त्यांचा वाटा मोठा असू शकतो. पिकाच्या दृष्टीने उगम कोणता हा प्रश्न गौण आहे. पिणाऱ्याच्या दृष्टीनेही तो गौणच आहे, आणि सर्वात मोठी अडचण इथेच आहे. बागायतीची विहीर आणि पिण्याचे पाणी ही आपल्याकडे वेगळी खाती नाहीत. त्यांच्याखालचा खडक एकच आहे. उन्हाळ्यात टंचाई आली की शेतातली विहीरच अधिग्रहित होऊन गावाची तहान भागविते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरील विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळी पडलेली अर्भके पाहिली आणि त्याचे कारण पाण्यातील नायट्रेटमध्ये शोधले. बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नायट्रेटमुळे खालावते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटल्याने नायट्रेटचे प्रमाण वाढते. तुरटीचा किंवा ब्लीचिंग पावडरचाही इथे उपयोग नाही. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या किती घरांत ही गोष्ट ठाऊक असेल?

विशेष म्हणजे नायट्रेट मोजण्याची सोय नव्याने उभारण्याची गरज नाही. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाती दिलेल्या तपासणी संचात नायट्रेटची चाचणी असते. रंग जुळवून आकडा काढायचा, दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे ते काम आहे. परंतु हा आकडा पाणीपुरवठा विभागाच्या नोंदीत जातो आणि खताची शिफारस कृषी विभागाच्या कार्यालयातून निघते. दोन्ही विभाग एकाच गावात येतात, एकाच ग्रामपंचायतीत सह्या करतात आणि एकमेकांचे कागद पाहत नाहीत. तो आकडा ओलांडून कृषी विभागाकडे आला, तर ४० सेंटिमीटर पाण्याच्या पिकासाठी साधा नियम सांगता येतो: लिटरमागे दर दहा मिलिग्रॅम नायट्रेटला एकरी आठ किलो युरिया कमी. गावात पाच-सहा शेतकऱ्यांनी एखाद्या तुकड्यावर तो पाळून पाहिला, तर भाषणांची गरज उरणार नाही.

नमुना घेण्याची वेळ मात्र नेमकी साधावी लागेल. पावसाच्या पाण्याबरोबर खरिपाचे उरलेले नत्र खाली उतरते, आणि पावसाळ्यानंतर मर्यादेबाहेर जाणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण वाढते असे भूजल मंडळाच्या निरीक्षणांतही दिसले आहे. विहिरी भरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे नमुने घेतले तर आकडा रब्बीचे खत भरण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडेल. मार्चअखेरची उद्दिष्टपूर्ती म्हणून घाईघाईने भरलेल्या बाटल्यांचा त्या हंगामाला काहीही उपयोग नाही.