खुरपं घ्यावं तर लोहाराकडून

मंडळी, पाऊस तोंडावर आला की बागेची हत्यारं घ्यायला सगळे मॉलकडे धावतात. रंगीत मुठी, चकचकीत पत्रा! मला विचाराल तर ते पैसे लोहाराला द्या.

नवलाख उंबरे गावाच्या शिवारात तळेगाव एमआयडीसी आली, भाताची खाचरं कमी झाली आणि लोहाराची गिऱ्हाइकंही. पण जुन्या ट्रकच्या पाट्यापासून घडवलेलं खुरपं एकदा हातात घेऊन बघाच. धार गेली की पुन्हा पाजवता येतं. पत्र्याचं मुरमात वाकतं ते वाकतंच.

निवड सोपी आहे. कठीण जमीन फोडायला कुदळ, माती ओढायला फावडं, तणाला खुरपं. पातं दगडावर वाजवा, आवाज खणखणीत हवा. दांडा बाभळीचा, बिनगाठीचा आणि आपल्या उंचीला बेताचा घ्या. आखूड दांड्याची शिक्षा कंबरेला होते. आणि हो, चिखलात खणू नका, ढेकळं होतात. वाफसा येऊ द्या. काम झालं की माती पुसून तेलाचं बोट फिरवा.

आपण बागवाल्यांनी वर्षाला एकेक खुरपं जरी घेतलं, तरी एखादी भट्टी पेटती राहील. ती विझली, तर घरातलं जुनं खुरपं पाजवायला जाणार कुठे?