विंचवावरची गोळी आपल्या दवाखान्यात आहे का?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात लेकरं असतील आणि रानात सोयाबीनची सुडी लागली असेल, तर पाच मिनिटं द्याच.

2022 ला डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेले. 'मराठवाड्याचा सुपुत्र'. मीही फोटो टाकला होता. पण आपल्यापैकी किती जणांनी, मला धरून, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारलं की साहेब, या माणसानं सांगितलेली विंचवावरची गोळी तुमच्याकडं आहे का?

मी विचारलं नव्हतं. गेल्या हंगामात त्याची लाज वाटली.

ओळखीतल्या एका घरचं आठ वर्षांचं पोरगं. सुडीवरची ताडपत्री ओढताना विंचू चावला. आधी एकाकडं नेऊन विंचू 'उतरवून' घेतला, त्यात तास गेला. तोवर अंग घामानं भिजलेलं, हातपाय गार, दोनदा ओकलं. मग एका सरकारी दवाखान्यात. नाव घेत नाही. उत्तर मिळालं, "डॉक्टर नाहीत, पुढं न्या." मोटारसायकलवर मागं बसून मीच त्याला धरलं होतं. पोरगं वाचलं, पांडुरंगाची कृपा. पण कृपेवर किती दिवस चालवायचं?

आता ही गोळी काय आहे ते ऐका.

लाल विंचवाचं विष अंगातल्या नसांना वेड लावतं. ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं एकदम रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो म्हणा ना.

ही द्रव्यं शरीरात कुठं जाऊन काम करतात, हे 1948 मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा गावच्या रेमंड आलक्विस्ट यांनी मांडलं. अल्फा आणि बीटा, अशी दोन प्रकारची कुलुपं. औषधशास्त्राच्या नियतकालिकानं त्यांचा निबंध परत पाठवला, शेवटी तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. पुढं त्यावरच रक्तदाबाची नि हृदयाची कितीतरी औषधं उभी राहिली. प्राझोसिन त्यातलंच. ते अल्फाचं कुलूप बंद करतं, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. गोळी होती रक्तदाबाची.

ती विंचवावर वापरायची, हे दाखवून दिलं आपल्या माणसानं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे बावस्कर रायगडात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. पुस्तकात उपाय नव्हता. ते खाटेशेजारी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहीत गेले. त्या टिपणांतून 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला, 1986 मध्ये प्राझोसिनवरचा. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबरीनं होत्या. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे गंभीर रुग्णांतलं मरण 40 टक्क्यांच्या घरात होतं, ते 1 टक्क्यापर्यंत आलं. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं. गोळीसोबत विंचवाच्या विषावरची लस दिली, तर 10 तासांत 35 पैकी 32 जण पूर्ण बरे. नुसत्या गोळीवर 35 पैकी 8.

लक्षात घ्या, हे संशोधन आरोग्य केंद्राच्या खाटेवर जन्मलं. आणि आज कुठल्या आरोग्य केंद्रात ही गोळी सापडेल याची खात्री कोण देईल? सत्काराला शाल मिळते. गोळीची पट्टी काही शालीपेक्षा महाग नाही.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, "आमच्या आज्यानं मंत्रानं शेकडो विंचू उतरवले." उतरले असतील. कारण बहुतेक विंचवांचा दंश नुसता ठणकतो आणि आपोआप ओसरतो. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर उठणारा बारका लाल विंचू. दहातले नऊ मंत्राशिवायही बरे होणारच होते, श्रेय मंत्राला जातं. दहावा मेला तर "नशीब" म्हणायचं. हा हिशोब बंद करा.

दुसरे म्हणतील, "जिल्ह्याला पाठवलं तर वाईट काय?" पाठवा की! पण पहिली गोळी देऊन पाठवा. चावल्यापासून गोळीपर्यंत जितका वेळ जातो, तितका जीव धोक्यात जातो.

आणि हो, ही पोस्ट वाचून कुणी मेडिकलवरून गोळी आणून पोराला देऊ नका. मात्रा वजनावर असते, रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्णाला झोपवून, डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची. आपलं काम एवढंच: घाम, ओकारी, गार हातपाय दिसले की कुठंही न थांबता दवाखाना.

मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात ही गोळी आणि लस शिल्लक असावी. कधी द्यायची, किती द्यायची, याचा तक्ता भिंतीवर असावा, म्हणजे रात्रीच्या नवख्या डॉक्टरलाही फोन शोधत बसावं लागणार नाही. आणि रात्री डॉक्टर असावा. परतवारी एकादशीला कयाधूकाठी माणसं पावसात, चिखलात येतात, जमिनीवर अंग टाकतात. नामदेव महाराजांच्या दर्शनाला आलेल्या वारकऱ्याला विंचू चावला तर गावानं काय उत्तर द्यायचं?

सोमवारी मी विचारायला जातोय. गोळी असली तर कौतुक लिहीन, नसली तर लेखी मागणी देईन, आणि दोन्हींचा फोटो इथंच टाकीन. तुम्ही आपापल्या गावात विचारा आणि खाली लिहा. गावाचं नाव, आहे किंवा नाही. एवढं पुरे.

हात जोडलेली चित्रं या वेळी नकोत.