घर नवं, उतारा जुनाच

जुनं घर पाडू नका, दुरुस्त करा, असं सांगणारे लेख हल्ली पुरवण्यांतून पुष्कळ येतात. सागवानी तुळया तशाच ठेवा, माजघराची भिंत काढून हॉल मोठा करा, परसातला संडास घरात घ्या. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल कोंडते, म्हणून चुना वापरा. सल्ले चांगले आहेत. पण एवढ्या मजकुरात एक प्रश्न कधी येत नाही. ज्या घरात हा पैसा ओतायचा ते घर कुणाच्या नावावर आहे? आणि ओतला जाणारा पैसा कुणाचा आहे?

आमच्या सल्ला केंद्रात हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. घर नवं होऊन दोन-चार वर्षं झालेली असतात. बाईला बाहेर काढलेलं असतं, किंवा नवरा वारलेला असतो आणि दीर म्हणत असतो, ‘घर आमच्या वडिलांचं.’ बाई सांगते, ओट्याचा ग्रॅनाइट माझ्या पाटल्यांचा, संडास-बाथरूम बचत गटाच्या कर्जातून, स्लॅबला माझ्या भावाने पैसे दिले. कागद काय आहे, असं विचारलं की ती गप्प होते. सोनाराची पावती नवऱ्याच्या नावावर. सिमेंट-सळईची बिलं सासऱ्यांच्या नावावर. भावाने दिलेले पैसे रोख. तिच्या नावावर असतं ते फक्त गटाचं कर्ज. राहायला सगळे, फेडायला ती एकटी!

स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, सासरचे त्यात भागीदार होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. पाटली पाटली असते तोवर ते ठीक. ती मोडून तिच्या फरशा झाल्या, की त्या फरशा ज्याची जमीन त्याच्या. हे माझं सोनं, असं भिंतीकडे बोट दाखवून कोर्टात सिद्ध करणं किती अवघड आहे, हे त्या वाटेने गेलेल्या बायांना विचारा.

कुणी म्हणेल, आता कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे की. आहे. २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. लगेच त्याच वर्षीच्या बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर त्यातून वगळलं. ती वाट पुन्हा मोकळी व्हायला ऑक्टोबर २०२० चा आहुजा खटल्यातला निकाल यावा लागला. आणि एवढं होऊनही हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. हिंदू कायद्यात लग्न झालं, संसार केला, पैसा घातला, एवढ्याने नवऱ्याच्या घरात बायकोचा हिस्सा पडत नाही.

श्रमाचा हिशेब तर कुणीच मांडत नाही. घराचं काम सहा महिने चालतं तेव्हा चूल ओसरीत येते. धूळ, पसारा, आजारी सासू, मुलांची परीक्षा, गवंड्यांचा दोन वेळचा चहा. नव्या गिलाव्यावर आठवडा-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं असतं. ते कोण मारतं? एवढं करून पैसे आधी हॉलच्या छतात आणि दर्शनी दारात जातात, स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते. तोवर बजेट संपलेलं असतं. ओट्याची उंची मिस्त्री ठरवतो, मोरीचा उतार तोच ठरवतो, आणि त्या ओट्याशी पुढची वीस वर्षं जिने उभं राहायचं तिला कुणी विचारत नाही. (बांधकामावरच्या बाईचंही तेच. जन्मभर घमेली वाहून ती बिगारीच राहते. थापी हातात आली तर ती गवंडी होईल ना!)

आता थोडं अवघड बोलायचं आहे. जुनं घर बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या नावावर असतं, वारसनोंद रखडलेली असते. दुरुस्तीला कर्ज हवं म्हटलं की बँक मालकीचा कागद मागते, आणि मग बहिणींना गाडी पाठवून बोलावलं जातं. पुरणपोळीचं जेवण, साडी-चोळी आणि हक्कसोडपत्रावर सही. ‘बँकेला लागतं गं, नुसती फॉर्मॅलिटी.’ महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत गेली. त्याच दुरुस्तीत १९५६ च्या कायद्याचं २३ वं कलमही गेलं. भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी बहिणीला मागता येत नव्हती, ती या कलमामुळे. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे २०२० साली विनीता शर्मा खटल्यात ठरलं. इतक्या वर्षांच्या भांडणातून मिळालेलं एका जेवणावर जातं.

आणि पुष्कळदा ही सही मिळावी म्हणून आग्रह धरणारी असते वहिनी! तिचं म्हणणं मला समजतं. तिच्या पाटल्या त्या भिंतीत जाणार असतात. उद्या नणंद हिस्सा मागेल, ही भीती तिला खरी वाटते. पण मैत्रिणींनो, नणंदेने सही केली म्हणून वहिनीचं नाव लागत नाही. नाव लागतं भावाचं. दोघींपैकी एकीचा हिस्सा गेला, दुसरीचं सोनं गेलं, आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. वहिनीने तिचा पैसा नवऱ्याच्या हिश्श्यातून वसूल करावा, नणंदेच्या नव्हे. न वाटलेल्या वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा नवऱ्याला एकट्याच्या मर्जीने बायकोला बक्षीस देता येत नाही, म्हणून आधी वाटणीपत्र करा, बहिणींचा हिस्सा त्यात धरून. दुरुस्ती चार महिने लांबेल. लांबू द्या.

घर नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर असेल, तर सबबच उरत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये ठेवलं आहे. नोंदणीचा खर्च आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा. अर्धं घर तिच्या नावावर करायलाही हाच रस्ता. लाखांनी टाइल्स घेणाऱ्या माणसाला हा खर्च जड जातो, असं मला कुणी पटवून द्यावं. गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांचं नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. तो उतारा कर आकारणीचा, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, तरी तोही लावून घ्या. आणि बँकेत सही करण्यापूर्वी एवढं विचारा, मी सहकर्जदार आहे की सहमालक? हप्ते थकले तर सहकर्जदाराच्या दारात बँक येते. घर विकताना सहकर्जदाराला कुणी विचारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘नवरा-बायकोत कसले कागद? विश्वास नाही का?’ हाच गृहस्थ सख्ख्या भावाला पाच लाख देताना स्टॅम्पपेपर आणतो. कंत्राटदाराशी करार करतो. विश्वासाची अपेक्षा फक्त बायकोकडून! शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. तिथेही बायांना मार बसतो, तिथेही दबावाने सह्या घेतल्या जातात. पण सही घ्यावी तरी लागते. त्या कागदामुळे गोव्यातले संसार मोडून पडले, असं काही झालेलं नाही.

म्हणून आम्ही आता केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला सांगतो, गवंडी माप घ्यायला येण्याआधी दुय्यम निबंधकाकडे जाऊन या. नाव लागत नाही तोवर सोनं मोडू नका, गटाचं कर्ज काढू नका, माहेरी शब्द टाकू नका. द्यायचेच असतील तर पैसे खात्यातून द्या, बिलं स्वतःच्या नावावर घ्या, आणि पैसे कशासाठी दिले ते लिहून नवऱ्याची सही घ्या. गेल्या पावसाळ्यानंतर एकीने असं केलं. नवरा महिनाभर बोलला नाही, सासूने ‘कोर्टाची सून’ म्हणून नाव ठेवलं. तिने मागच्या गळत्या पडवीत बादल्या ठेवल्या आणि पाटल्या काढून दिल्या नाहीत. दिवाळीनंतर नवऱ्याने तालुक्याला जाऊन बक्षीसपत्र केलं. आता काम सुरू आहे, आणि ओटा तिच्या उंचीचा होतो आहे.