पाट्यांवरचा अर्धचंद्र गेला कुठे?



दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात आणि मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नको, अशी दुरुस्ती 2022 साली राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात झाली. त्यानंतर आमच्या संत तुकाराम नगरातही, वल्लभनगर एसटी स्थानकापासून मेट्रोपर्यंत, देवनागरी पाट्या वाढल्या. छान झाले. आता त्या जरा मोठ्याने वाचून पाहा. कुठे ‘मोबाइल शाप’, कुठे ‘वातानुकूलित हाल’. डोक्यावरचा अर्धचंद्र गळाला आणि दुकानाचा शाप झाला, लग्नघरचे हाल झाले! अक्षरांची उंची पट्टीने मोजणाऱ्याला यात काहीच वावगे दिसणार नाही.

‘लोकांना कळतं ना, मग झालं,’ हे फ्लेक्सवाल्यांचे ठरलेले उत्तर. कळते, पण ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्याला. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ओडिशातून आलेला कामगार किंवा पहिलीतले पोर जे लिहिले आहे तेच वाचणार.

जुन्या मराठीतला प्रत्येक ठिपका परत आणा, असे माझे म्हणणे नाही. ‘नांव’, ‘केलें’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962च्या नियमांनी काढले, ते बरेच झाले. ‘जगणे’ आणि ‘जगभर’ यांतले ज वेगळे असूनही आपण ते एकाच अक्षराने लिहितो. त्यासाठी मराठी लेखनात खूणच नाही. अर्धचंद्राचे तसे नाही. तो उच्चारला जातो, त्याची खूण हाताशी आहे, आणि 6 नोव्हेंबर 2009च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्वरांच्या रांगेत बसवले आहे. तो गाळणे म्हणजे स्वर गाळणे. वेलांटी खाऊन कुणी ‘पिंपरी’चे ‘पंपरी’ केले, तर ‘कळतं ना’ म्हणून आपण सोडून देऊ का?

 

महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाने शॉप, हॉल, मॉल, ॲक्सेसरीज, पॅथॉलॉजी अशा नेहमीच्या शब्दांचा एक पानी तक्ता काढून फ्लेक्स छापणाऱ्यांना द्यावा. लागलेल्या पाट्यांसाठी दंड नको. पाटी बदलायची वेळ येईल तेव्हा मजकूर त्या तक्त्याशी ताडून घेतला तरी पुरे.

– एक वाचक, संत तुकाराम नगर, पिंपरी